गाण्यांची बदली

आमच्या मोरगावच्या मयूरेश्वरासमोर एक भलामोठा दगडी नंदी बसलेला आहे. आता महादेवापुढे नंदी आणि गणपतीपुढे उंदीर, ही देवादिकांकडची ठरलेली नेमणूक. आमच्याकडे मात्र गणपतीच्या दिमतीला उंदीरही आहे आणि नंदीही. हा जादा स्टाफ कसा आला ते गावातले शेंबडे पोरसुद्धा सांगेल. कुठल्याशा शिवमंदिरासाठी घडवलेला हा नंदी गाड्यावर घालून चालवला होता. गणपतीसमोर आल्यावर गाडा मोडला. नंदी जो खाली उतरला तो बसलाच. त्याला हलवायचे पुष्कळ प्रयत्न झाले म्हणतात, पण गडी काही जागचा उठला नाही. बदलीची ऑर्डर इतक्या शांतपणे धाब्यावर बसवणारा दुसरा कर्मचारी मी तरी पाहिलेला नाही.

मी बँकेत कारकून आहे, त्यामुळे बदली या विषयावर बोलायचा मला थोडाफार अधिकार आहे. आजवर माझी चार वेळा बदली झाली आणि चारही वेळा माझा गाडा कुठेही न मोडता नेमका मुक्कामाला पोचला. त्यातून मी एक गोष्ट शिकलो. बदलीच्या गावी माणूस नुसता पोचून भागत नाही, त्याचे सर्व्हिस रेकॉर्डही पोचावे लागते. एकदा माझे रेकॉर्ड दोन महिने मागेच राहिले. मी नव्या शाखेत रोज दहाच्या ठोक्याला हजर, पण कागदोपत्री माझा जन्मच झालेला नव्हता. शिल्लक रजा नाही, इन्क्रीमेंट नाही, काही नाही. केस पिकायला लागलेला एक इसम परवाच्या सोमवारी नोकरीला लागला आहे, एवढीच काय ती माझी ओळख!

हे सगळे आठवायचे कारण म्हणजे गेल्या वर्षी आमच्या घरात एकदम २१४६ गाण्यांची बदली झाली.

ही गाणी आमच्या अण्णांची. अण्णा म्हणजे माझे वडील. प्राथमिक शाळेत मास्तर होते. पगार मास्तरचा आणि कान संस्थानिकाचा, अशी त्यांची अवस्था. त्यामुळे कॅसेट विकत घेण्यापूर्वी ते घरखर्चाचे इतके हिशेब मांडत, की मी कॉमर्सला गेलो तो बहुधा त्या संस्कारामुळेच. शेवटी एका पत्र्याच्या ट्रंकेत शंभरावर कॅसेटी जमल्या. बालगंधर्व, हिराबाई बडोदेकर, वसंतराव देशपांडे, भीमसेन जोशी. घरी कोणी आले की अण्णा ट्रंक उघडत आणि पाहुण्याने काही विचारायच्या आत ‘संगीत म्हणजे नाट्यसंगीत, बाकी सगळा उडत्या चालींचा बाजार’ असा निकाल देत. हा निकाल मी लहानपणापासून इतक्या वेळा ऐकला, की त्याचीच एक कॅसेट निघाली असती.

२००८ साली मी कॉम्प्युटर घेतला आणि रविवारामागून रविवार खर्ची घालून ती सगळी ट्रंक त्यात ओतली. एका बाजूने टेपरेकॉर्डरची वायर, दुसऱ्या बाजूने कॉम्प्युटर, आणि मध्ये सलाईन लावलेल्या पेशंटजवळ बसावे तसा मी. शिवाय सीड्यांवरची गाणी निराळी. अण्णांना माऊस धरायला शिकवले. पहिले आठ दिवस ते तो इस्त्रीसारखा धरत. नवव्या दिवशी ‘तू जा आता, मला येतं’ म्हणाले आणि त्या दिवसापासून कॉम्प्युटर त्यांच्या खोलीत गेला तो गेलाच.

२०१९ साली अण्णा गेले. कॉम्प्युटर त्यांच्या खोलीतच राहिला. क्वचित कोणी लावायचे. मग गेल्या वर्षी त्याच्यातून टक्‌टक्‌, टक्‌टक्‌ असा आवाज यायला लागला. आमचे चिरंजीव इंजिनिअरिंगला आहेत. त्यांनी डॉक्टरने छातीला कान लावावा तसा कान लावला आणि म्हणाले, ‘बाबा, हार्ड डिस्क जाणार. गाणी हलवून घ्या.’

या हार्ड डिस्कबद्दल मला तेव्हा एक नवलाची गोष्ट कळली. तिच्या पोटात चक्क तबकडी असते. गरगर फिरणारी गोल तबकडी, आणि तिच्यावरून पुढेमागे सरकणारा एक बारीक हात. म्हणजे आपला ग्रामोफोनच की! फरक एवढाच, की जुनी रेकॉर्ड मिनिटाला ७८ फेऱ्या घ्यायची आणि ही ७२००. पहिली हार्ड डिस्क अमेरिकेत आय.बी.एम. कंपनीने १९५६ साली काढली. दोन-दोन फूट व्यासाच्या ५० तबकड्या, सगळ्या यंत्राचे वजन जवळपास एक टन, आणि त्यात मावणार किती? तर आजच्या हिशेबाने एखादे गाणे. ते गाणे एका गावाहून दुसऱ्या गावाला न्यायचे म्हटले असते, तर आमच्या नंदीसारखाच गाडा लागला असता, आणि मोडलाही असता.

असो. चिरंजीवांनी नवा कॉम्प्युटर आणला, शेजारी खिशात मावेल अशी एक नवी डिस्क जोडली, आणि तासाभरात ‘झालं’ म्हणून जाहीर केले. पण कारकुनाच्या घरात ‘झालं’ असे म्हणून काही होत नसते. मी टॅली मागितली. जुन्या डिस्कवर गाणी २१४६, नव्या डिस्कवर २१४६. आकारमान जुळले. मी समाधानाने मान हलवली आणि खुर्ची ओढून अण्णांच्या गाण्यांची यादी उघडली.

या यादीत गाण्याच्या नावापुढे दोन रकाने असतात. एकात हे गाणे आजवर किती वेळा वाजले तो आकडा आणि दुसऱ्यात शेवटचे कधी वाजले ती तारीख-वेळ. अण्णा होते तोवर त्या रकान्यांकडे माझे लक्षही गेले नव्हते. आता गेले, आणि पाहतो तो काय, पहिल्या गाण्यापुढे शून्य. दुसऱ्यापुढे शून्य. खाली, आणखी खाली, अगदी तळापर्यंत शून्य. तारखेचा रकाना तर पांढरा फटक. २०१४ साली जनधनची शून्य शिल्लकीची खाती उघडताना माझी बोटे दुखून आली होती. त्यानंतर इतकी शून्ये एका जागी मी आत्ताच पाहिली.

‘अरे, आकडे कुठायत?’

‘कसले आकडे?’

‘अण्णांनी किती वेळा ऐकली ते.’

‘ते काय करायचंय बाबा? गाणी आलीत ना सगळी?’

गाणी आली होती. त्यांचे सर्व्हिस रेकॉर्ड मागे राहिले होते. अण्णांनी अकरा वर्षे ऐकलेली गाणी नव्या डिस्कवर परवाच्या सोमवारी नोकरीला लागली होती.

आता यात चूक कोणाची, हे शोधल्याशिवाय मला झोप येत नाही. ही बँकेची सवय. म्हणून मी या प्रकरणाच्या मुळाशी जायचे ठरवले आणि मूळ शोधता शोधता १९०२ सालात जाऊन पोचलो.

त्या वर्षी फ्रेड गैसबर्ग नावाचा एक तरुण ग्रामोफोन कंपनीतर्फे कलकत्त्याला येऊन दाखल झाला आणि त्याने गौहरजानचे गाणे मुद्रित केले. एका बाजूला जेमतेम तीन मिनिटे. आपल्याकडे तीन मिनिटांत गवई तंबोरासुद्धा जुळवीत नाही, पण त्या बाईंनी अख्खा राग त्या डबीत कोंबून दाखवला. तबकड्या छापायला पार जर्मनीत, हानोवरला जायच्या. कलकत्त्यात कारखाना निघाला तो १९०८ साली. म्हणजे आपल्या मुद्रित गाण्याच्या आयुष्याची सुरुवातच परदेशी बदलीने झाली! गाणे संपले की गौहरजान इंग्रजीत आपले नाव सांगत असे. तिकडे छापणाऱ्याला कोणती तबकडी कोणाची ते कळावे, हा त्यातला हेतू, असे सांगतात. म्हणजे गाण्याच्या पोटातच नावाची चिठ्ठी. आजच्या एम.पी.थ्रीतही नेमके हेच असते. गाण्याचे नाव, गायकाचे नाव, सिनेमाचे नाव अशी चिठ्ठी गाण्याच्याच पोटात शिवलेली असते, म्हणून ती कुठेही नेली तरी हरवत नाही.

पण गाणे किती वेळा ऐकले, ही नोंद? ती जुन्या तबकडीत कुठे होती?

होती की! तबकडीच्या अंगावरच होती. लोखंडी सुई लाखेच्या त्या खाचेतून प्रत्येक वेळी थोडे थोडे खरवडून नेई. एकेका बाजूला नवी सुई लावावी असा दंडक होता, आणि आपण मध्यमवर्गीय माणसे तीच सुई पुन्हा पुन्हा लावत होतो, हेही खरे. त्यामुळे जी बाजू लाडकी ती झिजून करडी पडायची आणि दुसरी बाजू नवऱ्या मुलासारखी चकचकीत राहायची. घरात कोणाला काय आवडते, हे तबकडी उजेडात तिरकी धरली की कळत असे. फिलिप्स कंपनीने १९६३ साली कॅसेट काढली, तिचेही तेच. आवडत्या गाण्याशी फीत ढिली व्हायची, आवाज ओला व्हायचा, कधी ती बाहेर येऊन गुंता व्हायचा. मग आपण पेन्सिल घालून ती गुंडाळत बसायचो. अण्णांच्या कॅसेटी ओतताना एका ठिकाणी आवाज घसरला, की मी कपाळाला हात लावत असे. आता वाटते, ती घसरण म्हणजे अण्णांची सही होती.

बँकेतली जुनी लेजरे आठवा. ज्याच्या खात्यावर उलाढाल जास्त, त्या पानाचा कोपरा अंगठ्यांनी काळा झालेला असे. पुढे सगळे कॉम्प्युटरवर गेले. शिल्लक अचूक पुढे नेली, पैही इकडची तिकडे झाली नाही. काळा कोपरा मात्र पुढे नेता आला नाही. त्याला रकानाच नव्हता.

कॉम्प्युटरमधल्या गाण्याची गोम इथेच आहे. ते लाख वेळा वाजवा, झिजत नाही. ही त्याची थोरवी, आणि हीच त्याची अडचण. ऐकणाऱ्याची खूण त्याच्या अंगावर उमटतच नाही. मग ती नोंद वेगळ्या वहीत ठेवावी लागते. ही वही गाण्यांजवळ नसतेच बहुधा. आमची गाणी ‘डी’ नावाच्या कप्प्यात होती आणि वही ‘सी’ कप्प्यात कुठेतरी खोल. शिवाय वहीत गाणे ओळखतात ते नावाने नव्हे, पत्त्याने. डी कप्पा, अमुक फोल्डर, तमुक गाणे. चिरंजीवांनी गाणी नव्या डिस्कवर नेली, तिला नाव मिळाले ‘ई’, आणि वही तर नेलीच नाही. नेली असती तरी नुसत्या अक्षराच्या फरकाने तिने ‘इसम दिलेल्या पत्त्यावर राहत नाही’ असा शेरा मारून सगळी गाणी परत पाठवली असती. पोस्टमनचा आणि प्रोग्रॅमचा स्वभाव सारखाच.

या गोष्टीचे दुसरे टोकही आपल्याकडेच सापडते. भास्करबुवा बखले. जन्म १८६९, मृत्यू १९२२. पुण्यात १९११ साली भारत गायन समाजाची स्थापना करणारे, बालगंधर्वांचे आणि मास्तर कृष्णरावांचे गुरू. इतका मोठा गवई, तबकड्यांचा जमाना सुरू झालेला, आणि तरी त्यांच्या आवाजाचे मुद्रण आपल्याकडे नाही. बुवा कसे गात, हे आपल्याला कळते ते ऐकणाऱ्यांनी सांगितले म्हणून आणि शिष्यांच्या गळ्यात उतरले म्हणून. म्हणजे बुवांचे गाणे गेले आणि ऐकल्याची वही तेवढी राहिली. अण्णांची गाणी राहिली आणि ऐकल्याची वही गेली. आता यातले जास्त नुकसान कशात? त्या रात्री अंथरुणात पडल्या पडल्या मी बराच वेळ हा ताळेबंद मांडत होतो. सौ.ने दिवा मालवला तरी जुळला नाही.

गाणे आणि वही दोन्ही बरोबर घेऊन बदली करता येते का? येते. त्याचे उत्तम उदाहरण पुण्यातच घडले. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ या दोघांनी जात्यावरच्या ओव्या गोळा करायला सुरुवात केली. वीस वर्षे खपून हजाराहून जास्त गावांतल्या एक लाख दहा हजारांवर ओव्या त्यांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी लिहून काढल्या. गावोगाव पिठाची गिरणी आली, जाते अडगळीत गेले आणि पहाटे ओवी म्हणायचे कारणच संपले, त्या काळातली ही गोष्ट. पुढे बर्नार्ड बेल हे फ्रेंच गृहस्थ त्यांना मिळाले. त्यांनी कॉम्प्युटरवर सगळ्यांची खतावणी मांडली आणि १२० तासांवर ध्वनिमुद्रण केले. मग या ओव्यांच्या बदल्या सुरू झाल्या. पुण्याहून हरियाणात गुडगावच्या संग्रहालयात, तिथून फ्रान्समध्ये एक्स-आँ-प्रोव्हान्सला, आणि अखेर २०१७ सालापासून ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या संग्रहात. आमच्या मुळशी-मावळातली बाई जात्यावर बसून जे गायली ते फ्रान्सला जाऊन आले! पण या बदल्यांत ओवीबरोबर बाईचे नाव आणि तिचे गावही राहिले. त्यामुळे ती ओवी नुसती ‘एक जुने लोकगीत’ झाली नाही. अमक्या गावच्या अमक्या बाईची राहिली. माझ्यासारख्या कारकुनाला याहून मोठे काम दिसत नाही. गॅझेटात छापण्यासारखी बदली!

हे वाचून झाल्यावर मी चिरंजीवांना विचारले, ‘जुना कॉम्प्युटर कुठाय?’

तेव्हा कळले, की तो भंगारवाल्याला द्यायचे केव्हाच ठरले होते. माझ्या पोटात गोळा आला. पण आमच्या घराण्यावर मयूरेश्वराची कृपा आहे आणि ती आमच्या सौ.च्या रूपाने वावरते. भंगारवाला म्हणाला होता शंभर, सौ. म्हणाली तीनशे. तो दीडशेवर आला, ही तीनशेवरून हलली नाही. नंदीच जणू! शेवटी तो वैतागून निघून गेला आणि कॉम्प्युटर पलंगाखाली, कांद्यांच्या पोत्याशेजारी बसून राहिला. दीडशे रुपयांच्या त्या घासाघिशीने अण्णांची अकरा वर्षे वाचवली. तेव्हापासून सौ. भाजीवाल्याशी दोन रुपयांसाठी भांडत असली, तर मी मध्ये पडत नाही.

कांद्यांची साले झटकून कॉम्प्युटर सुरू केला. टक्‌टक्‌ चालूच होती. चिरंजीवांनी घाईघाईने ‘सी’ कप्प्यातून ती वही शोधून काढली, नव्या कॉम्प्युटरवर जिथल्या तिथे ठेवली, आणि नव्या डिस्कचे ‘ई’ हे नाव बदलून तिचे बारसे ‘डी’ असे केले. बस्स, एवढेच. जुन्या मुलाचे नाव नव्याला ठेवले आणि पोस्टमनने पत्र टाकले. यादी उघडली. सगळे आकडे परत आले होते.

मग मी ऑडिटला बसलो.

आणि वाचकहो, आमचे अण्णा पकडले गेले!

ज्या बालगंधर्वांसाठी पाहुण्यांसमोर त्यांचे डोळे भरून येत, त्यांच्या पदांपुढे आकडे होते ३, ४, ५. एका थोर गवयाच्या बावीस मिनिटांच्या ख्यालापुढे १. तोही बहुधा डोळा लागल्यामुळे पूर्ण झाला असावा. कारण गाणे शेवटापर्यंत वाजले तरच हा प्रोग्रॅम एक आकडा वाढवतो, मधे बंद केले तर धरत नाही. आणि सगळ्यांत वरचा आकडा? ओ. पी. नय्यर आणि आशा भोसले! एकेका गाण्यापुढे ३००, ३४०, ३५५. उडत्या चालींचा बाजार, आणि मास्तर रोजचे गिऱ्हाईक! आम्हां पोरांना रेडिओ सिलोनवरची बिनाका गीतमाला ऐकू देत नसत, ती १९५२ साली सुरू झाल्यापासून हे स्वतः बहुधा कान लावून बसले असणार. मी पोट धरून हसलो. सौ. आली, तिला दाखवले, तीही हसली. अण्णा गेल्यानंतर त्यांच्या खोलीत पहिल्यांदाच कोणी मोठ्याने हसत होते.

हसता हसता मी यादी तारखेप्रमाणे लावली. शेवटचे काय ऐकले ते पाहावे म्हणून. सगळ्यांत वर एक भलतेच नाव आले. ‘साइड बी रिकामी’.

हे नाव मीच दिलेले. एका कॅसेटच्या दुसऱ्या बाजूला नुसती खरखर होती आणि खाली कसलासा बाईचा आवाज. ओतताना मी ते पुसणारच होतो. अण्णा म्हणाले, ‘राहू दे. जागा खातंय का?’ म्हणून राहू दिले. त्याच्यापुढे आकडा होता २१२. शेवटची तारीख, अण्णांना दवाखान्यात नेले त्याच दिवसाची. वेळ पहाटे ४.४७.

मग मला हळूहळू आठवले. आमचे काका मुंबईला कापडगिरणीत होते. १९८२ चा संप झाला, गिरणी सुटली आणि ते गावाला परत आले ते एक टू-इन-वन घेऊन. पुढे एकदा दिवाळीत, १९८९ ची असेल, त्यांनी आजीला म्हटले, ‘आई, जात्यावर बस, तुझं गाणं धरून ठेवू.’ तोवर दळण कधीच गिरणीत जाऊ लागले होते. एका गिरणीने आजीचे जाते बंद पाडले आणि दुसऱ्या गिरणीच्या पगारातून तिचे गाणे धरून ठेवायचे यंत्र आले. आजी आधी लाजली, मग मूठभर गहू घेऊन बसली. १९९३ साली ती गेली. अण्णा तिच्याविषयी कधी बोलल्याचे मला आठवत नाही. त्या पिढीतले पुरुष आईविषयी बोलत नसत.

पहाटे ४.४७. तिची दळायला बसायची वेळ.

मी ते लावायला म्हणून माऊस पुढे नेला आणि तसाच थांबलो. कारकुनाच्या डोक्यात उशिरा का होईना उजेड पडतो. मी हे ऐकले, की २१२ चे २१३ होणार. आणि त्याहून वाईट म्हणजे तारखेचा रकाना एकच. त्यात माझी तारीख बसणार आणि अण्णांची पुसली जाणार. त्यांचे शेवटचे ऐकणे माझ्या पहिल्या ऐकण्याने खोडायचे? नाही ऐकले, तर नोंद शाबूत. पण ज्याची नोंद आहे ते मात्र मुके. तबकडी असती, तर माझी झीज त्यांच्या झिजेवरच पडली असती, दोघांची एकच खाच झाली असती. इथे एकाने दुसऱ्याला खोडल्याशिवाय जागा नाही.

दोन दिवस मी त्या खोलीत गेलो नाही.

आमच्या देवळात म्हणे आताच्या मूर्तीमागे मूळ मूर्ती आहे. वाळू, लोखंड आणि हिरे यांच्या कणांची. तिला काही होऊ नये म्हणून पांडवांनी तांब्याच्या पत्र्यात बंद करून मागे ठेवली आणि पूजेला पुढे दुसरी बसवली, अशी कथा आहे. तिसऱ्या दिवशी देवळातून परतताना मला ही कथा आठवली आणि वाटले, मोरगावच्या माणसाला बॅकअप म्हणजे काय ते कॉम्प्युटरवाल्यांनी शिकवावे, ही शरमेची गोष्ट आहे.

घरी आलो. चिरंजीवांकडून गाणी आणि वही या दोन्हींच्या आणखी दोन प्रती करून घेतल्या. एक सौ.च्या कपाटात, एक बहिणीकडे बारामतीला. तरीही समाधान होईना. मग मी माझ्याकडची एक कोरी कापडी बांधणीची खतावणी काढली, शाईचे पेन भरले, आणि पहिल्या पानावर बँकेतल्या अक्षरात लिहिले: खातेदार, अण्णा. तपशील, आईच्या ओव्या. एकूण वेळा, २१२. शेवटची नोंद, पहाटे ४.४७. खाली रेघ मारली, सही केली. मागील पानावरून पुढे, असे दुसऱ्या पानाच्या डोक्यावर लिहिले.

मग बटण दाबले.

खरखर, जात्याची घरघर, आणि तिच्यातून आजीचा आवाज. शब्द अर्धेच कळत होते. मध्ये कोंबडा. मध्ये काकांचे ‘मोठ्यानं गं’. आणि शेवटी, अगदी शेवटी, एका दहा वर्षांच्या पोराचा रडवेला आवाज, ‘आजी, पुरे की आता! भूक लागलीय.’

त्या पोराला ऐकायला अण्णा २१२ वेळा शेवटापर्यंत थांबले होते. मधे बंद केले असते तर आकडा वाढला नसता, हे मघाशी सांगितलेच.

मी दुसऱ्या पानावर पहिली ओळ लिहिली. एकूण वेळा, २१३.